उन्हाच्या मुलुखातील उणीव

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना पाणी देताना निसर्गाने हात आखडता घेतला असेल. परंतु ऊन देताना त्याने कधीही कद्रूपणा केलेला नाही. पावसाळ्याचे काही महिने वगळले तर घोड आणि भीमा यांच्या काठचे आकाश बहुधा निरभ्रच असते. अशा मुलुखात, ज्या जीवनसत्त्वाची घडण उन्हामुळे खुद्द मानवी त्वचेतच होते त्या 'ड' जीवनसत्त्वाची वाण पडावी, हे प्रथमदर्शनी कोणालाही नवलाचे वाटेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातलाच हा प्रकार. तथापि तो खरा आहे. गेल्या काही वर्षांत या कोड्याला दुसरे, अधिक गंभीर कोडे जोडले गेले आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा चिवट विकार आणि 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता यांचा काही संबंध असल्याचे शास्त्रज्ञ सांगतात. या विधानातून 'ड कमी झाले की हा रोग होतो, आणि ड घेतले की तो टळतो' असा सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष कितपत टिकतो, हे तपासणे अगत्याचे आहे. कारण त्यावर सामान्य कुटुंबाचा पैसा आणि रुग्णाचे आयुष्य या दोहोंचे बरेवाईट अवलंबून आहे.

ऊन आहे, पण कोणासाठी?

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी एका विशिष्ट पट्ट्यातील किरण त्वचेवर पडले म्हणजे तेथील एका स्निग्ध द्रव्यापासून 'ड' जीवनसत्त्व तयार होते. पुढे यकृतात आणि मूत्रपिंडात त्यावर संस्कार होऊन ते कामास येते. हे किरण वातावरणात सहज शोषले जातात. म्हणून सूर्य जितका माथ्यावर, तितके ते अधिक प्रमाणात जमिनीवर पोहोचतात. माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाच ही घडण नीट होते, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. दौंडच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीसही ऐन मध्यान्ही सावली उंचीपेक्षा किंचित आखूडच असते. त्याच दिवशी लंडनमध्ये ती उंचीच्या साडेतीन पटींहून लांब पडते. याचा अर्थ, तेथे हिवाळ्यात सूर्य असूनही 'ड' जीवनसत्त्वाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच. येथे मात्र तो बाराही महिने हजर आहे.

मग उणीव येते कोठून? तिचे उत्तर आकाशात नाही, दिनक्रमात आहे. रांजणगाव किंवा कुरकुंभ येथील कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार दिवसाचा बराचसा काळ छपराखाली घालवतो. दौंडहून रोज पुण्याला रेल्वेने ये-जा करणारा कारकून सकाळी लवकर घर सोडतो, ते दिवेलागणीला परततो. मधला सूर्य त्याला कचेरीच्या काचेतून दिसतो आणि काच तर नेमके हेच किरण अडवते. विद्यार्थी शाळेतून शिकवणीला आणि शिकवणीतून घरी जातो. गृहिणीची दुपार स्वयंपाकघरात सरते. शेतात राबणारी स्त्री उन्हात असते खरी. परंतु डोईपासून घोट्यापर्यंत कपड्यांत गुंडाळलेली, आणि तिने तसे असणे उष्म्याच्या दृष्टीने शहाणपणाचेही आहे. शिवाय सावळ्या वर्णाच्या त्वचेला तेवढेच जीवनसत्त्व घडविण्यास अधिक वेळ लागतो. तान्ह्या बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात निजविण्याची आपली रीत ऊब आणि माया देणारी असली, तरी त्या वेळच्या तिरप्या उन्हात हे किरण फारच थोडे असतात. आहाराने ही तूट भरून निघेल म्हणावे, तर तेही नाही. हे जीवनसत्त्व प्रामुख्याने तेलकट मासे आणि काही अंशी अंडी यांत असते. भाकरी, आमटी आणि पालेभाजीवर चालणाऱ्या ताटात त्याचा अंश जवळजवळ नसतोच.

ही उणीव निसर्गाची नसून समाजरचनेची आहे, हा शोध काही आजचा नाही, आणि तो लागला तो महाराष्ट्रातच. १९२२ साली हचिसन आणि शाह या दोघांनी नाशिक भागातील मुडदूस या विकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या पण उघड्यावर राबणाऱ्या गरिबांच्या मुलांत मुडदूस क्वचित, आणि चांगले अन्न मिळणाऱ्या परंतु पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांतील स्त्रिया व मुले यांच्यात तो अधिक, असे त्यांना आढळले. रोगाचा ओढा नेहमी दारिद्र्याकडे असतो, या समजुतीला हा मोठाच धक्का होता. त्या काळी पडदा होता. आज कारखान्याचे छप्पर, कचेरी आणि शिकवणीचा वर्ग आहे. उंबरठा बदलला, पण त्याच्या आतला अंधार तोच राहिला.

उणिवेची रेषा

आता या उणिवेचे मोजमाप. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात, रक्ताच्या दर मिलिलीटरमागे १२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी 'ड' जीवनसत्त्व असणे म्हणजे कमतरता, असे धरण्यात आले. त्या मापाने देशातील १ ते ४ वर्षांच्या बालकांपैकी १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकी २४ टक्के कमतरतेच्या रेषेखाली होते. वय वाढते आणि मूल अंगणातून वर्गात जाते, तशी उणीवही वाढते, हे या आकड्यांतून स्पष्ट दिसते.

परंतु 'ऐंशी-नव्वद टक्के भारतीयांत ड कमी' असेही वारंवार छापून येते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी? याचे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवे नाही. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातील दारिद्र्याचा अभ्यास मांडला, तेव्हा दरडोई रोज २,२५० उष्मांकांचे अन्न हा त्यांचा निकष होता. निकष वर सरकवला की गरीब वाढतात, खाली आणला की घटतात; गरिबाच्या ताटात मात्र घास तेवढाच राहतो. 'ड' जीवनसत्त्वाचेही तसेच आहे. १२ ऐवजी २० ही रेषा धरली की उणीवग्रस्तांची संख्या फुगते, आणि ३० धरली की जवळजवळ सारा देशच रोगी ठरतो. अमेरिकेतील अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या ज्या संघटनेने २०११ साली ३० ही रेषा पुरस्कारली होती, तिनेच २०२४ साली ती मागे घेतली आणि निरोगी माणसांच्या रक्तातील 'ड' सरसकट तपासत बसू नये, असा सल्ला दिला. तो सल्ला तालुक्याच्या गावातील प्रयोगशाळांच्या जाहिरातींपर्यंत कितपत पोहोचला, हा प्रश्न वेगळा.

याचा अर्थ उणीव खोटी आहे असा नव्हे. मुडदूस, प्रौढपणी हाडे मऊ पडणे, स्नायूंची अशक्तता, गर्भवतीची झीज हे सारे खरे आहे. येथे कारण आणि कार्य यांची साखळी पूर्ण सिद्ध झालेली आहे. जीवनसत्त्व व त्यासोबत कॅल्शियम दिले की मुडदूस बरा होतो. याहून निर्णायक पुरावा तो कोणता?

अक्षांशांची साक्ष

मल्टिपल स्क्लेरोसिसची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. विजेच्या तारेवर जसे रबरी वेष्टण असते, तसे मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. या विकारात शरीराची संरक्षक व्यवस्थाच उलटते आणि मेंदू व मज्जारज्जू यांतील ते आवरण कुरतडते. संदेश अडखळतात. एका डोळ्याची दृष्टी अंधुक होते, हातपाय बधिर होतात, तोल जातो, विलक्षण थकवा येतो. काही आठवड्यांनी सारे निवळल्यासारखे वाटते आणि काही काळाने पुन्हा उलटते. १८६८ साली फ्रान्समधील शार्को याने या विकाराला स्वतंत्र ओळख दिली. तो बहुधा २० ते ४० या वयात, म्हणजे ऐन उमेदीत गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो.

विषुववृत्तापासून दूर जावे तसा हा रोग वाढत जातो, हे फार पूर्वीच लक्षात आले होते. सूर्यप्रकाश आणि 'ड' जीवनसत्त्व यांच्यावर संशय गेला तो यामुळेच. २००६ साली अमेरिकेत सत्तर लाखांहून अधिक सैनिकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांच्या आधारे झालेल्या अभ्यासाने या संशयाला बळ दिले. पुढे ज्यांना हा विकार जडला अशा २५७ जणांचे रोगापूर्वीचे रक्त तपासता, गौरवर्णीयांमध्ये 'ड'ची पातळी सर्वांत वरच्या पंचमांशात असणाऱ्यांना, सर्वांत खालच्या पंचमांशातील लोकांपेक्षा धोका ६२ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. कृष्णवर्णीय व लॅटिन वंशीय सैनिकांत मात्र असा संबंध प्रस्थापित झाला नाही. हा दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही, आणि आपल्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

भारतीयांची साक्ष याहूनही बोलकी आहे. भारतीय उपखंडातून ब्रिटनमध्ये गेलेल्या पहिल्या पिढीत हा रोग विरळा होता. परंतु तेथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांत त्याचे प्रमाण इतर ब्रिटिशांच्या जवळपास पोहोचल्याचे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. रक्त तेच, आकाश बदलले; तेव्हा परिस्थितीचा हात नाकारता येत नाही. आता याच्या उलट उदाहरण पाहावे. मुंबईतील मज्जाविकारतज्ज्ञ सिंघल आणि वाडिया यांनी १९७५ साली मुंबई परिसरातील रुग्णांचे चित्र मांडले, तेव्हापासूनच पारशी रुग्णांचे प्रमाण डोळ्यांत भरणारे होते. पुढे ऐंशीच्या दशकात मुंबईच्या पारशी समाजात केलेल्या पाहणीत हा विकार लाखामागे वीस ते तीस जणांना असल्याचे दिसले. इतर भारतीयांसाठी तेव्हा धरला जाणारा अंदाज याहून कितीतरी कमी होता. येथे आकाश तेच, सूर्य तोच, गल्लीही कदाचित तीच. वेगळा होता तो वंश. तेव्हा आनुवंशिकतेचा हातही नाकारता येत नाही.

या दोन साक्षी एकत्र वाचल्या की एकच एक कारण शोधण्याचा हट्ट सुटतो. २०२२ साली एक कोटी अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून तर असे दिसले की, एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर या रोगाचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. हा विषाणू तर बहुतेक सर्व प्रौढांना कधी ना कधी गाठतोच. तेव्हा वंश, विषाणू, ऊन, धूम्रपान, पौगंडावस्थेतील स्थूलता असे अनेक धागे एकत्र येतात, तेव्हाच ही गाठ बसते. 'ड' जीवनसत्त्व हा त्यांतील एक धागा असावा, यास आनुवंशिक अभ्यासांचाही दुजोरा आहे. पण एक धागा म्हणजे गाठ नव्हे. तसे असते, तर ज्या देशात पौगंडावस्थेतील दर चार मुलांमागे जवळपास एक मूल कमतरतेच्या रेषेखाली आहे, तेथे हा रोग युरोपपेक्षा अधिक असता. तो तसा नाही.

औषध म्हणून 'ड'

ज्यांना रोग जडला आहे, त्यांना तरी 'ड' देऊन गुण येतो काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात, नेहमीच्या औषधासोबत रोज ५,००० एकके घेणाऱ्या आणि ६०० एकके घेणाऱ्या रुग्णांत रोग उलटण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. २०२५ साली फ्रान्समधील प्रयोगाने थोडी आशा दाखविली. रोगाचा अगदी पहिला झटका आलेल्या, अन्य औषधे न घेणाऱ्या रुग्णांना दर पंधरवड्यास १ लाख एकके दिली असता, दोन वर्षांत रोगाची हालचाल ६०.३ टक्क्यांत दिसली. नुसती गोळी घेणाऱ्यांत ती ७४.१ टक्क्यांत दिसली. हा फरक मुख्यत्वे एमआरआय चित्रांतील होता. त्यातही ध्यानात घ्यावयाचे ते हे की, 'ड' घेऊनही निम्म्याहून अधिक रुग्णांत रोग हलतच राहिला. म्हणजे 'ड' हे फार तर हाताशी धरावयाचे साहाय्य. मुख्य औषधाची जागा ते घेऊ शकत नाही.

येथे आपल्या मुलुखाला लागू पडणारी एक बाब आवर्जून सांगितली पाहिजे. उष्णतेने या रोगाची लक्षणे तात्पुरती बळावतात, हे १८९० साली जर्मन डॉक्टर ऊटहोफ याने नोंदवून ठेवले आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकणाऱ्या दौंड-शिरूरच्या भागात अशा रुग्णाला 'दुपारी उन्हात बसत जा' असे सांगणे म्हणजे आगीतून फुफाट्यात ढकलणे होय. जो उपाय निरोगी विद्यार्थ्याला हितकर, तोच या रुग्णाला जाचक ठरू शकतो. त्याला 'ड' लागणारच असेल, तर ते गोळीतून, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

सल्ल्याविना घेतलेली गोळीही निर्धोक नाही. ६०,००० एककांची पुडी सामान्यतः आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडेच घ्यावयाची असते. ती कोणी रोज घेऊ लागला किंवा लाखो एककांची सुई वारंवार टोचून घेऊ लागला, तर रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, गुंगी, मूतखडा आणि अखेर मूत्रपिंडाची हानी येथवर मजल जाते. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, त्यामुळे जादा झालेले चटकन बाहेर टाकले जात नाही. 'जीवनसत्त्वच ते, त्याने काय अपाय होणार?' हा भाबडेपणा महागात पडतो.

खर्च कोठे करावा?

प्रश्न अखेर मर्यादित साधनांचा विनियोग कसा करावा, हाच आहे. एकाच नावाखाली दोन निराळे प्रश्न मिसळले गेले आहेत. ते वेगळे केले तर त्यांची उत्तरेही वेगळी आणि सरळ आहेत.

पहिला प्रश्न बहुसंख्यांचा आणि हाडांचा. त्याची उत्तरे स्वस्त आहेत. शाळेचा खेळाचा तास बहुधा सकाळी पहिला किंवा सायंकाळी शेवटचा असतो. कडक उन्हाळा सोडून उरलेल्या महिन्यांत तो मध्यान्हीच्या सुमारास आणण्यास एक पैसाही लागत नाही. दूध आणि खाद्यतेल यांत 'अ' व 'ड' जीवनसत्त्वे मिसळण्याचे मानक २०१८ पासून देशात लागू आहे. मात्र ते ऐच्छिक आहे. घराघरांत जाणाऱ्या तेलाच्या पिशवीतून तुटीचा काही भाग भरून निघत असेल, तर ते ऐच्छिक का राहावे, याचा विचार झाला पाहिजे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली रोजची गरज ६०० एकके ठरविली आहे. ती भागविण्यासाठी प्रत्येकाचे रक्त तपासण्याची गरज नाही. मिठात आयोडीन घालताना प्रत्येकाच्या गळ्याची तपासणी कोणी केली नव्हती.

दुसरा प्रश्न थोड्यांचा, पण जीवघेणा. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाचा खरा शत्रू 'ड'ची कमतरता हा नसून विलंब हा आहे. एखाद्या तरुणीचा हात बधिर होतो, डोळ्यापुढे धूसर येते. कोणी अशक्तपणा म्हणते, कोणी मनाचे खेळ म्हणते, कोणी बाहेरचे काही पाहते, आणि आता कोणी 'ड कमी आहे' म्हणते. रक्तात 'ड' खरोखरच कमी निघते, कारण ते अनेकांत कमीच असते. पुडी सुरू होते. लक्षणे आपोआप निवळतात, कारण हा रोगच तसा लपंडाव खेळणारा आहे. आणि श्रेय पुडीला जाते. पुढचा झटका येईतो मौल्यवान काळ निघून गेलेला असतो. आवरणाची झीज रोखणारी औषधे आज उपलब्ध आहेत आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकी अधिक उपयोगी पडतात. निदानासाठी एमआरआय आणि मज्जाविकारतज्ज्ञ लागतो; त्यासाठी पुण्याची वाट धरावी लागते, रोजगार बुडतो आणि सोबतीच्या माणसाचाही बुडतो. तालुक्याच्या डॉक्टरला आणि आरोग्यसेविकेला या रोगाची चारदोन लक्षणे ठाऊक असणे, आणि तेथून पुण्याच्या सरकारी रुग्णालयापर्यंत रुग्णाला चिठ्ठीसह पोहोचविण्याची सोय असणे, हे हजारो रक्ततपासण्यांहून अधिक मोलाचे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत या विकाराचा समावेश झाला आहे. पण निदानच नसेल तर प्रमाणपत्र कशाचे मिळणार?

मोजणीची साधनेही जवळच आहेत. शिरूर तालुक्यातील वढू येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्याचे काम कैक दशके चालू आहे, आणि २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांची लोकसंख्या तेथे नियमितपणे नोंदली जाते. अशा नोंदवहीत मज्जाविकारांचा एक रकाना असणे फार खर्चाचे नाही. मुडदुसाच्या बाबतीत नाशिकने शंभर वर्षांपूर्वी जगाला धडा दिला, तो दारोदार जाऊन पाहिल्यामुळे. परदेशातील सैनिकांच्या रक्तावरून भीमाकाठच्या माणसाचे भविष्य सांगण्यापेक्षा ही वाट अधिक शास्त्रीय आहे.

ऊन सर्वांचे आहे. त्यात उभे राहण्याची सवड मात्र सर्वांना सारखी नाही. ती सवड मिळवून देणे हे समाजाचे काम आहे. पण त्या उन्हाच्या नावावर आजारी माणसाला खोटा दिलासा विकणे हे कोणाचेच काम असू नये. हाडांसाठी 'ड' आणि मज्जातंतूंसाठी वेळेवर निदान हा हिशेब साधा आहे. त्याची सरमिसळ झाली, तर नफा दुकानाचा आणि तोटा रुग्णाचा होतो.